फोटो क्लिअर हाये

माझ्या माहेरी एक वाक्य माझ्याविरुद्ध छत्तीस वर्षं चाललं. 'फोटो क्लिअर हाये.' लग्नकार्यात सगळ्या बाया पंगतीत मांडी घालून बसल्या आणि मी एक पाय लांब करून बसले, की कोणीतरी ते म्हणायचं. पायऱ्या उतरताना मी भिंत धरली की म्हणायचं. मी चिडून ताटावरून उठले की माझ्या पाठीमागे म्हणायचं, आणि मग सगळे हसायचे.

फोटो म्हणजे एक्स-रे. आमच्याकडे त्याला फोटोच म्हणतात. तो माझ्या उजव्या टोंगळ्याचा होता. टोंगळा म्हणजे गुडघा. पुण्याकडचे लोक तो शब्द ऐकून हसतात. हसोत.

मी बुलढाण्याच्या बाजारात भाजीचा व्यापार करते. भाव करण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं बाजार म्हणतो. माझी युक्ती साधी आहे: पहिला आकडा मी कधी बोलत नाही, समोरच्याला बोलू देते. माझा राग वाईट आहे असंही बाजार म्हणतो, आणि तेही खरं आहे. पण घासाघीस करून किंवा ओरडून ते एक वाक्य मला खोडता आलं नाही. त्यांच्याकडे कागद होता. माझ्याकडे नुसता टोंगळा होता, आणि टोंगळ्याला बोलता येत नाही. मला कोणाकडून औषधपाणी नको होतं. माझ्या भावाने एकदा, फक्त एकदा, म्हणावं की ही खोटं बोलत नव्हती. एवढंच मला हवं होतं.

कारण ते वाक्य पहिल्यांदा बोलला तो माझा भाऊच.

अमडापूरला आमच्या शाळेचं मैदान मुरमाचं होतं. सामन्याच्या आदल्या दिवशी मुलं त्यावर पाणी मारायची आणि फक्कीने रेषा आखायची. सकाळी गेलं की ओल्या मुरमाचा वास यायचा आणि पांढऱ्या रेषा इतक्या ताज्या असायच्या की त्यांच्यावर पाय द्यायला जीव व्हायचा नाही. दोन टोकांना दोन लाकडी खांब. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मध्येच मागे फिरता येत नाही. खांबापर्यंत जायचं, एका हाताने खांब धरायचा आणि धाव न तोडता पलीकडच्या बाजूला वळायचं. पळणं कोणालाही येतं. खांबाशी वळणं शिकावं लागतं, आणि ते मला भावाने शिकवलं.

तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याने स्वतःचं खेळणं शेतीपायी सोडलं होतं, पण माझ्या खेळाचं वेड त्यालाच जास्त. आमच्या गोठ्याच्या मधल्या खांबाभोवती तो मला रोज फिरवायचा.

"पाय रोवू नको वं! पाय रोवला का टोंगळा मुरगळते. पाय नाचव, नाचव!"

"नाचवून तर राह्यली!"

"हे नाचणं हाये? म्हैस तुह्यापेक्षा बरी नाचते."

म्हैस खरंच नाचायची, दावं ओढून ओढून. मग आतून माय ओरडायची, "म्हैस पान्हा चोरून राह्यली ना बे! जा न तिकडे मैदानावर!" भाऊ मला डोळ्याने खूण करायचा आणि माय आत गेली की आम्ही पुन्हा सुरू. त्या वर्षी तो खांब माझ्या हाताच्या उंचीवर गुळगुळीत झाला होता. शेणाचा, कडब्याचा वास, भावाचं तोंडाने 'खो' देणं आणि मी गरागरा. माझ्या आयुष्यात मी त्या दिवसांपेक्षा सुखी कधी होते, हे मला सांगता येत नाही. दुकान घेतलं त्या दिवशीही नाही.

मी अकरावीत होते. तालुक्याचे सामने त्या वर्षी आमच्याच शाळेत भरले. शेवटचा सामना चिखलीच्या मुलींशी, आणि जिंकणाऱ्यांतल्या मुली जिल्ह्याच्या संघात जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटच्या डावात त्यांची एकच मुलगी उरली होती, ससा पळावा तशी पळणारी. खो मला मिळाला. मी तिला खांबाकडे रेटत नेलं, डाव्या हाताने खांब धरला आणि डावीकडे वळले. उजवा पाय मुरमात रुतला. पाय तिथेच राहिला आणि मी वळले.

टक.

वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला, पण आतून. पडता पडता माझी बोटं त्या मुलीच्या पाठीला लागली. नक्की लागली. पंचांनी मान हलवली, नाही म्हणून. सामना गेला. मी मुरमात पडून होते आणि मला दुखण्यापेक्षा 'नाही' म्हटल्याचा राग जास्त आला होता. भाऊ रेषेवर बसलेला होता, माझ्यापासून चार हातांवर. त्याने मला उचललं, सायकलच्या दांडीवर बसवलं आणि घरापर्यंत हाताने सायकल ढकलत नेली. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. मी मात्र सबंध वाट ओरडत होते, "बाद होती ते! हात लागला होता माहा!"

दुसऱ्या दिवशी टोंगळा भोपळ्याएवढा झाला. माय, भाऊ आणि मी एसटीने चिखलीला गेलो. फोटो काढला. मग मला बाहेर बाकावर बसवून माय आणि भाऊ डॉक्टरकडे आत गेले. बराच वेळ लागला. ते बाहेर आले तेव्हा माय पदराने तोंड पुसत होती. मला वाटलं, उकाड्याने. भावाच्या हातात तपकिरी पाकीट होतं. त्याने माझ्याकडे न पाहता सांगितलं, "हाड शाबूत हाये. फोटो क्लिअर हाये. चाल."

झालं. फोटो क्लिअर, म्हणजे टोंगळ्याला काही झालेलं नाही. म्हणजे लंगडणं नाटक. आठ दिवसांनी पिंपळगाव राजाहून पाहुणे मला पाहायला येणार होते आणि पोरीला लग्न नको म्हणून ती लंगडायचं सोंग करते, असं घरात ठरलं. माय रोज सकाळी निरगुडीचा पाला गरम करून माझ्या टोंगळ्याला बांधायची आणि बांधता बांधता म्हणायची, "काही नाही झालं. चाल सरळ." पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन मी चुलीपासून ओसरीपर्यंत चालले. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि दर दुसऱ्या पावलाला आतलं काहीतरी सटकत होतं. एक थेंब सांडला नाही. पाहुण्यांनी उंची कमी आहे म्हणून नकार कळवला.

खेळ संपला. जिल्ह्याच्या संघात चिखलीच्या मुली गेल्या. पुढे बुलढाण्याच्या एका कारकुनाशी माझं लग्न झालं. भला माणूस, कचेरीतून येऊन जेवून झोपणारा. मी घरात बसणारी नव्हते. बाजारात मेथी-सांबार विकायला सुरुवात केली. सांबार म्हणजे कोथिंबीर. बाहेरची गिऱ्हाइकं डाळीचं सांबार समजून पातेलं पुढे करतील म्हणून सांगते. सगळ्या भाजीवाल्या बाया जमिनीवर पोतं टाकून उकिडव्या बसायच्या. मला बसता येईना. मी टोपलीवर बसले तर म्हणाल्या, "राणीसायबाले खाली बसता येत नाही." म्हणून मी लोटगाडी घेतली. उभ्याने विकणारी त्या रांगेत मी पहिली. गाडीवरची भाजी गिऱ्हाइकाच्या हाताशी आली, माझा माल आधी संपू लागला, आणि पुढे गाडीचं दुकान झालं. आज हॉस्टेलांना आणि खानावळींना भाजी माझ्याकडून जाते. लोक विचारतात, एवढं कसं उभं केलं? मी म्हणते, बसता येत नव्हतं म्हणून.

मागच्या हिवाळ्यात माझी भाची दुकानात आली. भावाची मुलगी, डॉक्टर झालेली, आता पुढचं शिकते. तिला एक अभ्यास करायचा होता. टोंगळ्यात हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. वय वाढतं तसे ते कसे बदलतात, आणि बाईचे नि पुरुषाचे वेगळे असतात का, हे एमआरआयच्या मशीनमध्ये पाहून मोजायचं.

"शिरा म्हण ना," मी म्हटलं.

"शिरा नाही गं आत्या, शिरेत रक्त असतं. हा पट्टा असतो. आत मधोमध दोन असतात, फुलीसारखे, एकावर एक."

"मंग चऱ्हाट म्हण. एक्स-रेत दिसते का ते?"

"नाही. एक्स-रेत फक्त हाड दिसतं. पट्टा तुटला तरी एक्स-रे क्लिअरच येतो."

मी हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. बरं झालं ती वहीत पाहत होती, माझ्याकडे नाही.

तिची अडचण वेगळीच होती. पुरुष मिळाले होते. तरुण मुली तिच्या हॉस्टेलातच होत्या. पण चाळिशीच्या पुढच्या बाया येईनात. मशीनमध्ये लोखंड, सोनं, चांदी काहीच चालत नाही, अंगावरचं सगळं काढून ठेवावं लागतं. बाया म्हणायच्या, मंगळसूत्र काढणार नाही, जोडवी काढणार नाही. नवरा जिता असताना काऊन काढायचं? आणि एकदा 'नाही' म्हटलं की उठून जायच्या.

"तुला बाजारातल्या सगळ्या बायका ओळखतात. दे ना आणून," ती म्हणाली.

मी पहिला आकडा बोलले नाही. गप्प बसले.

"जीप मी करीन," ती म्हणाली. "सकाळचा नाश्ता देईन. रिपोर्ट फुकट."

मी मेथी निवडत राहिले.

"आत्या, काय पाहिजे तुला?"

"बाया देतो. मंगळसूत्राचंही पायतो. पण मशीनमध्ये पहिला टोंगळा माहा."

तिचा चेहरा पडला. "तुला नाही घेता येणार. अभ्यासात फक्त कधीच दुखापत न झालेले गुडघे लागतात. तू तर पाय ओढतेस."

"आता तो वात हाये, असं तुह्या घरचे म्हणतात. दुखापत झालीच नाही म्हणतात. तुह्या बापालेच इचार."

तिने विचारलं. तिथेच, दुकानात, फोनचा स्पीकर लावून. "बाबा, आत्याच्या गुडघ्याला कधी दुखापत झाली होती का? फॉर्ममध्ये लिहायचं आहे."

मग माझ्या भावाचा आवाज आला. "नाही. काही नोयतं झालं. फोटो क्लिअर होता."

भाचीने 'नाही'च्या चौकटीत खूण केली. मी सही केली. खोटं मी बोलले नाही. ज्याने मला छत्तीस वर्षं खोटी ठरवलं, त्याच्याच तोंडाने मला आत घेतलं. सौदा म्हणून मला तो तेव्हा फार पक्का वाटला.

मंगळसूत्राचा उपाय आमच्या आज्यापणज्यांचाच आहे. मंगळसूत्र तुटलं तर दुसरं होईपर्यंत पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात बांधतात. हळकुंडं दुकानात होतीच. मी दोरे केले, जोडव्यांच्या जागी बांधायला पायाच्या बोटांसाठीही पिवळे दोरे केले, आणि दुपारी बाजार मंदावला तेव्हा बायांपुढे ठेवले. एकीने विचारलं, "नवऱ्यानं पाह्यलं तर?" दुसरी म्हणाली, "तुहा नवरा तुह्या गळ्याकडे कधी पायते वं?" मग जे हसणं सुटलं, त्यात अर्ध्या बाया तयार झाल्या. उरलेल्या अर्ध्या, नाश्त्याला काय आहे ते कळल्यावर.

त्या सकाळची जीप मला विसरता येत नाही. सगळ्या साठीच्या अलीकडच्या नि चाळिशीच्या पलीकडच्या, गळ्यात हळकुंड, पायात पिवळे दोरे. जशा काही पुन्हा हळदीला बसल्या होत्या. चौफुलीवर थांबलो तर कोणीतरी विचारलं, कोणाचं लग्न आहे? मागून उत्तर गेलं, "टोंगळ्याचं!" भाची पुढे बसून हसत होती. मला वाटलं, आमची शाळेची टोळी सामन्याला निघाली की अशीच हसायची.

मशीनमध्ये पायाकडून नेतात. टोंगळ्याभोवती एक कडक साचा बसवला, कानाला जाड टोपणं लावली आणि कमरेपर्यंत मला आत सरकवलं. डोकं बाहेरच होतं. हलायचं नाही, एवढंच सांगितलं. मग ठोके सुरू झाले. पत्र्यावर कोणी घण घालावा तसे, मध्येच थांबून, मध्येच वेगळ्या सुराने. बाकीच्या बाया नंतर म्हणाल्या की भीती वाटली. मला नाही वाटली. त्या ठोक्यांत मला गोठ्यातलं 'नाचव, नाचव' ऐकू येत होतं. वरच्या पांढऱ्या छताकडे पाहत मी मनात खांबाला वळत होते, पुन्हा पुन्हा, आणि या वेळी पाय रुतत नव्हता. डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं, पण हलायचं नव्हतं म्हणून पुसता आलं नाही.

इतर बायांचं चालू असताना भाचीने मला बाजूच्या खोलीत बोलावलं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. पडद्यावर करड्या रंगाचा माझा टोंगळा होता.

"हे मांडीचं हाड. ही खालची नळी. यांच्या मधोमध इथे एक तिरपा काळा पट्टा दिसायला हवा." तिने एका पुस्तकातलं चित्र शेजारी धरलं, त्यात पट्टा होता, ओढलेल्या दाव्यासारखा ताठ. मग तिने माझ्या टोंगळ्यावर बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं.

"कुठे गेला?"

"तुटला. पूर्ण. फार वर्षांपूर्वी. तुटलेली टोकं शरीराने जिरवून टाकली." तिने माझ्या पायाकडे पाहिलं. "आत्या, ह्या गुडघ्याने तू हातगाडी ओढलीस?"

मला ओरडायचं होतं, नाचायचं होतं. पण ती पुढे म्हणाली, "तुझा स्कॅन मला अभ्यासातून काढावा लागेल. सरांना काय सांगू? फॉर्मवर 'दुखापत नाही' असं माझ्या हातचं आहे. मी तुझ्यावर विश्वास ठेवला."

"माह्यावर नाही. तुह्या बापावर."

आणि मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या सौद्यात या पोरीचं नुकसान झालं. लग्नकार्यातलं ते हसणं तिने ऐकलं असेल, पण त्यामागचं माझं भांडण तिला माहीतही नव्हतं. मी तिला सगळं सांगितलं. मैदान, टक आवाज, बाक, तपकिरी पाकीट. तिने फिल्म मोठ्या पांढऱ्या पाकिटात घातली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, "काढून टाकण्याचं कारण मला लिहावं लागेल. दुखापत कधी, कशी झाली, हे पाहणारं कोणी आहे का?"

"हाये," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी अमडापूरला गेले. सबंध वाट काय बोलायचं ते मनात रचत होते. भाऊ अंगणात बसून सुपाने कांद्याचं बी पाखडत होता. त्याचेही केस पांढरे झालेत, उठताना तोही जमिनीला हात टेकवतो.

"काय वं, इतक्या सकाळी?"

मी पाकीट त्याच्यापुढे टाकलं. "पाह्य."

"काय हाये?"

"फोटो. माह्या टोंगळ्याचा. तू म्हणत होता ना क्लिअर हाये? पाह्य किती क्लिअर हाये ते. आत चऱ्हाटच नाही. तुह्याच पोरीनं काढला."

त्याने फिल्म उन्हाकडे धरली. उलटी धरली होती, पण पाहत राहिला. मी रचलेलं सगळं बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तो म्हणाला, "डॉक्टर बोलला होता."

"काय?"

"हाड शाबूत हाये, फोटो क्लिअर हाये. पण टोंगळा डुगडुगते, आत काहीतरी तुटलं असन. अकोल्याले मोठ्या डॉक्टरले दाखवा." फिल्म त्याने खाली केली नाही. "अर्धंच सांगतलं मी तुले."

"काऊन?"

"माय म्हणे, आठ दिवसांवर पाहुणे आलेत. अकोल्याले नेली का गावभर होते, पोरीच्या पायात खोट हाये म्हणून. मंग जलमभर घरात बसन. म्हणे, अर्धं सांग. बाकीचं मी पाहीन."

मला बाकाजवळ उभी राहिलेली माय दिसली. पदराने तोंड पुसणारी. उकाडा नव्हताच, सामने थंडीत असतात. छत्तीस वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि ती निरगुडी. काही झालं नव्हतं तर ती तीन महिने रोज सकाळी पाला आणायला बांधावर कशाला जायची? तिने तिच्या परीने 'बाकीचं' पाहिलं होतं. तिच्यावर रागवायला ती आता नाही. म्हणून मी त्याच्यावर रागावले. सूप उचललं आणि सगळं बी अंगणात उधळलं.

त्याने फिल्म बाजूला ठेवली. वाकला आणि बी गोळा करू लागला. काळं बी, काळी माती. एकेक वेचत होता. मला बसता येत नाही, मी उभी राहून पाहत होते.

"माय गेल्यावर तरी सांगायचं!"

"हिंमत नाही झाली. तू लय वराडते." तो खालीच पाहत म्हणाला. मग म्हणाला, "ऑपरेशन करू. मी नेतो तुले, अकोल्याले नाही तर नागपूरले."

"आता? तेव्हा नेलं असतं तर मानलं असतं."

"मंग बांधावरचे आंबे तुह्या नावानं करतो."

"आंबे घेऊन काय करू? बाजारात ढिगानं पडले असतात."

"मंग काय पाहिजे तुले?"

मी गप्प राहिले. तोही गप्प राहिला. शेवटी तो माझाच भाऊ. घासाघीस आम्ही एकाच घरात शिकलो. त्या दिवशी पहिला आकडा मला बोलावा लागला.

"पोरीले फोन लाव. तिच्यापाशी तू खोटं बोलला. आता खरं सांग. तिले कागदावर लिहायचं हाये."

त्याने हात धोतराला पुसले आणि फोन लावला. स्पीकर मी लावला. भाचीने एकेक विचारलं, डॉक्टर विचारतात तसं, बाप असूनही. कोणता गुडघा? उजवा. तेव्हा वय? सतरा. कशामुळे?

"खो-खोत. खांबाशी वळताना. पाय मुरमात रुतला." तो अडखळला. "आवाज आला. टक करून. मी रेषेवर होतो, मले ऐकू आला."

छत्तीस वर्षं मला वाटत होतं की तो आवाज एकट्या मलाच ऐकू आला.

"कोणत्या बाजूला वळताना?" भाचीने विचारलं.

"डावीकडे," आम्ही दोघंही म्हणालो.

"बरं. अजून काही?"

भावाने माझ्याकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ नेला. "लिही, हात लागला होता. गडी बाद झाला होता. पंच चुकला."

"बाबा, त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही."

"मंग बाजूले लिही," तो खेकसला. आवाज थेट गोठ्यातला होता, तेव्हाचा.

आतून वहिनी चहा घेऊन आली आणि नेहमीप्रमाणे तिने माझ्यासाठी जमिनीवर पाट मांडला. भाऊ बी वेचता वेचता म्हणाला, "पाट नको. खुर्ची आण. तिले बसता येत नाही."